२०१२ चा डेस्कटॉप : भंगारात देण्याआधी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : २०१२ च्या दिवाळीत घेतलेला डेस्कटॉप घरात पडून आहे, प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, रॅम चार जीबी, हार्डडिस्क पाचशे जीबीची आणि आत विंडोज ७. यंत्र सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घेते, विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि भंगारवाला जेमतेम चारशे रुपये देऊ करतो. अशा यंत्राचा घरात किंवा बाहेर काही उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे.

पुण्यात संगणकदुरुस्तीच्या धंद्यात मला पंचवीस वर्षे झाली आणि हा प्रश्न दुकानात आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा यंत्राच्या वेगाबद्दल बोलत असतो. मी मात्र आधी वेगळेच विचारतो : हे यंत्र आपण दिवसातून किती तास चालू ठेवणार आहात? जुन्या डेस्कटॉपला नवे काम शोधताना बहुतेक चुका या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात. वेग वाढवण्याचे उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. पण यंत्र जी वीज खाते ती कमी करण्याचा उपाय फारसा नाही.

हिशेब साधा आहे. आपल्यासारखे यंत्र, मॉनिटर बंद ठेवून आणि काहीही काम न करता नुसते चालू असले, तरी माझ्या मीटरवर ४० ते ५५ वॅट दाखवते. ५० वॅट धरले तर चोवीस तासांत १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याला ३६० आणि वर्षाला ४,३२० रुपये झाले. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलत असल्यामुळे ही वाढीव युनिटे नेहमी आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजली जातात, हेही लक्षात ठेवावे. उलट तेच यंत्र मॉनिटरसह ७० वॅट घेऊन रोज तीन तास चालले, तर महिन्याला साडेसहा युनिटसुद्धा होत नाहीत. म्हणून घरातील जाहिराती अडवणारा सर्व्हर, कॅमेऱ्यांचे चित्रण, चोवीस तासांचे डाउनलोड असल्या कामांना जुना डेस्कटॉप लावण्याचा सल्ला मी देत नाही. ती कामे पाच वॅटवर चालणारे रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे यंत्र करते आणि विजेतील फरकातून त्याची किंमत वसूल होते. जुन्या डेस्कटॉपला काम द्यायचे ते ठरावीक तासांचे द्यावे.

कोणतेही काम ठरवण्यापूर्वी ते यंत्र निरोगी आहे की नाही हे पाहावे लागते आणि त्यासाठी, ज्याला घरोघरी सीपीयू म्हणतात तो डबा उघडावा लागतो. वायर काढून, मागचे दोन स्क्रू सोडवून बाजूचा पत्रा सरकवला की प्रोसेसरवरचा पंखा दिसतो. दहा-बारा वर्षे न उघडलेल्या यंत्रात पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा असा घट्ट थर बसलेला असतो की तो चिमटीने गोधडीच्या तुकड्यासारखा उचलून काढता येतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. पात्यांचा ठोकळा काढल्यावर त्याखालची उष्णतावाहक पेस्ट वाळून खडूसारखी झालेली आढळेल. ती पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून पांढरे खोडरबर हलकेच फिरवावे. सुरू होताना बीप वाजवून थांबणारी कितीतरी यंत्रे मी एवढ्याच उपायाने परत पाठवली आहेत. मदरबोर्डवरील कपॅसिटरची, म्हणजे उभ्या लहान नळकांड्यांची, डोकी फुगलेली किंवा त्यातून तपकिरी चिकट द्रव आलेला दिसला, तर मात्र त्या यंत्रावर आणखी पैसे घालू नयेत. आणि वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नये; घरच्या २३० व्होल्टचे त्यात सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट होतात आणि वायर काढल्यावरही ते आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहू शकतात.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ क्रमांकाचा, तीन व्होल्टचा. त्याच्याबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण या सेलपायी चांगली यंत्रे भंगारात गेलेली मी पाहिली आहेत. तो संपला की यंत्राची तारीख दर वेळी मागे जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते. यंत्राला वाटत असते की आज २०१२ सालची एक जानेवारी आहे, त्यामुळे ते प्रत्येक प्रमाणपत्र अवैध ठरवते आणि एकही पान नीट उघडत नाही. नारायण पेठेतील एका गृहस्थांनी याच तक्रारीसाठी दुसरीकडे दोनदा फॉरमॅट करून घेतले होते आणि तिसऱ्या वेळी यंत्र टाकून देण्याच्या तयारीने माझ्याकडे आणले. सेल बदलला, तारीख लावली, काम झाले.

आता पहिला आणि सर्वांत सोपा उपयोग : तेच यंत्र घरातील लिहिण्या-वाचण्याचे यंत्र म्हणून पुन्हा वापरणे. विंडोज ११ साठी साधारणपणे आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते, म्हणून आपले यंत्र त्या यादीत बसत नाही. विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, जानेवारी २०२० मध्ये संपला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पळवाटा काढून विंडोज ११ चढवता येते, पण पुढच्या मोठ्या अद्ययावतीकरणाला ते अडेल की काय, ही टांगती तलवार राहते. ज्यांच्या घरी दुरुस्तीला कोणी नाही त्यांना मी ते करून देत नाही. लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मी अशा यंत्रांवर वर्षानुवर्षे घालत आलो आहे. मिंटची २२ वी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत आधार आहे.

मात्र केवळ लिनक्स घातल्याने यंत्र पळू लागेल, ही समजूत खोटी आहे. आपल्या यंत्राचा खरा अडथळा फिरती हार्डडिस्क आहे. सलग मोठी फाइल वाचताना ती सेकंदाला शंभर एमबी देते हे खरे, पण यंत्र सुरू होताना हजारो लहान फाइली डिस्कवर विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात आणि तेथे तो वेग एक-दोन एमबीवर घसरतो. त्या जागी साधा २४० जीबीचा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, लावला की पाच-सात मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटात उरकते. आपल्या काळातील स्वस्त मदरबोर्डांवर बहुधा एच६१ चिपसेट असे आणि त्यावरील साटा, म्हणजे डिस्क जोडण्याची, जोडणी सेकंदाला तीन गिगाबिटांचीच असते, त्यामुळे एसएसडीचा निम्माच वेग मिळतो. परंतु घरगुती कामात हा फरक जाणवत नाही, म्हणून महागडा एसएसडी घेण्याचे कारण नाही. रॅमची आणखी एक चार जीबीची डीडीआर-३ पट्टी लावून आठ जीबी करावे. ती जुनी घेतली तरी चालते, फक्त दुकानात यंत्र नेऊन लावून पाहावी. एसएसडी मात्र जुना घेऊ नये. बारीकसारीक सामान, म्हणजे साटा केबल, पंखा, सेल, हे पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही पुष्कळ काही मिळते, पण तेथे परत करण्याची सोय नसते.

अशा यंत्रावर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, ईमेल, देवनागरी टंकलेखन, बातम्या आणि व्हिडिओ सगळे उत्तम चालते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक मिंटच्या सेटिंगमध्ये तयारच असतो. यूट्यूबवर एक अडचण येते : तेथील बहुतेक व्हिडिओ आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींनी येतात आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेल चिपमध्ये त्या उलगडणारे हार्डवेअर नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळते. ब्राउझरला जुन्या एच२६४ पद्धतीचीच मागणी करायला लावणारे एक छोटे विस्तारक मिळते. ते बसवले की कीर्तनापासून क्रिकेटपर्यंत सर्व काही सुरळीत दिसते. जेथे टॅली किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरायचे आहे, तेथे मात्र लिनक्सचा हट्ट धरू नये.

पुण्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९८८ मध्ये येथे सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. केवळ आकडेमोडीचा वेग मोजला, तर आपल्या माळ्यावर पडलेला आय-थ्री त्याच्या पुढे आहे.

दुसरा उपयोग घरातील छायाचित्रांच्या साठ्याचा. प्रत्येकाचा मोबाइल भरलेला असतो आणि दहा वर्षांचे फोटो चार पेनड्राइव्हमध्ये विखुरलेले असतात. दोन टीबीपर्यंतची नवी हार्डडिस्क या यंत्रात सहज बसते आणि सिंकथिंगसारख्या प्रोग्रामने मोबाइलमधील फोटो घरच्या वायफायवरून आपोआप तिच्यावर उतरतात. वर सांगितलेला विजेचा मुद्दा येथे असा सुटतो : मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बहुधा ठरावीक वेळी यंत्र आपोआप सुरू करण्याची सोय असते. रात्री अकराला यंत्र सुरू व्हावे आणि साडेबाराला लिनक्सने ते बंद करावे, अशी वेळ लावली की महिन्याला दोन-अडीच युनिटांत काम भागते. यंत्राची लॅन, म्हणजे वायरीची, जोडणी किती वेगाची आहे तेवढे मात्र पाहावे. शंभर मेगाबिटांची असेल तर दोनशे जीबी फोटो उतरायला पाच तास लागतात, गिगाबिटची असेल तर अर्ध्या-पाऊण तासात होतात. जुने बोर्ड या दोन्ही प्रकारचे असत.

येथे माझी एक चूक सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या घरी अशाच जुन्या डब्यात दोन सारख्या हार्डडिस्क लावून एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर होत राहील अशी मांडणी केली आणि निर्धास्त झालो. डब्यातला एसएमपीएस मूळचाच, स्वस्तातला होता. एका पावसाळी रात्री वीज तीन-चार वेळा आली-गेली, एसएमपीएस जळाला आणि जाताना दोन्ही डिस्कचे सर्किट घेऊन गेला. मुलीच्या बारशाचे फोटो एका नातेवाइकांच्या जुन्या सीडीवर सापडले, एवढेच दैव. दोन डिस्क एकाच डब्यात, एकाच वीजपुरवठ्यावर असतील तर ती दुसरी प्रत नव्हे. फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती भावाकडे किंवा मुलाकडे ठेवावी, एसएमपीएस नामांकित कंपनीचा नवा घालावा आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का ते पाहावे. त्यात बहुधा बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती थकते. जुनी पाचशे जीबीची डिस्क साठ्यासाठी वापरायचीच असेल, तर डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तो तिचा 'स्मार्ट' अहवाल पाहावा. बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा शून्यावरून वर सरकला असेल, तर तिच्यावर एकही मोलाची फाइल ठेवू नये.

तिसरा उपयोग ज्या कारणासाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. जुन्या यंत्राच्या पाठीमागे पाहा. तेथे नऊ पिनांचा एक लहान पोर्ट आणि कदाचित पंचवीस छिद्रांचा लांबट गुलाबी पोर्ट असेल. पहिला सीरियल, आरएस-२३२. दुसरा पॅरलल, ज्यावर पूर्वी प्रिंटर लागत. नव्या यंत्रांतून हे दोन्ही जवळपास गेले, पण ज्या यंत्रसामग्रीला ते लागतात ती अजून चालू आहे.

पुण्याजवळच्या भोसरीत आणि चिंचवडच्या शेड्समध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची सीएनसी, म्हणजे संगणकी आज्ञांवर धातू कापणारी, यंत्रे आजही रोज दोन पाळ्यांत चालतात. त्यांच्या नियंत्रकाची स्मृती इतकी लहान असते की तिचे माप पुस्तिकेत कागदी फितीच्या मीटरमध्ये दिलेले असते : १६० मीटर म्हणजे ६४ केबी. साच्याच्या कामाचा प्रोग्राम एक-दोन एमबींचा असला की तो आत मावतच नाही. मग संगणक सीरियल वायरीवरून एकेक ओळ पुरवत राहतो आणि यंत्र ती कापत जाते. याला तेथे ड्रिप फीड म्हणतात. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला नऊशेच्या आसपास अक्षरे जातात, म्हणजे एक एमबी जायला अठरा-वीस मिनिटे लागतात. या कामाला आपल्या आय-थ्रीच्या वेगाचा शतांशही लागत नाही. लागतो तो विश्वासू पोर्ट. नव्या लॅपटॉपला यूएसबीतून सीरियल पोर्ट देणारी पट्टी जोडून हेच करता येते, पण कारखान्यातील विद्युत गोंगाटात ती पट्टी अधूनमधून मान टाकते आणि अर्ध्यात थांबलेला जॉब वाया जातो. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी २०१६ मध्ये असाच एक जुना डबा बसवला. तेथील मालक त्याला 'मुनीम' म्हणतात, कारण तो बोलत नाही आणि हिशेब चुकवत नाही. यात दोन पथ्ये पाळावी लागतात : सीरियल वायर दोन्ही यंत्रे बंद असतानाच जोडावी किंवा काढावी, आणि संगणक व सीएनसी यंत्र यांचे अर्थिंग एकच असावे. दोन्हीच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असला तर पोर्ट जळतो, आणि तो संगणकाचा जळला तर नशीब समजावे.

पॅरलल पोर्टचा उपयोग छंद म्हणूनही होतो. लाकूड किंवा ॲक्रिलिक कोरणारे लहान राउटर यंत्र घरी बनवणारे पुण्यात पुष्कळ आहेत, विशेषतः अभियांत्रिकीचे विद्यार्थी. लिनक्ससीएनसी हा मोफत प्रोग्राम पॅरलल पोर्टमधून थेट स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या, मोटरांना स्पंद पाठवतो. त्यासाठी लॅपटॉप चालत नाही, कारण त्याची वीज वाचवण्याची व्यवस्था मध्येच क्षणभर प्रोसेसर स्वतःकडे घेते आणि स्पंदांची लय चुकते. डेस्कटॉप या बाबतीत सरळ असतो. प्रोग्रामसोबत येणारी विलंबचाचणी तासभर चालवून पाहिली की आपले यंत्र या कामाचे आहे की नाही ते कळते. दुकानातील किंवा पतसंस्थेतील खडखडणाऱ्या डॉटमॅट्रिक्स प्रिंटरसाठी आणि नवी विंडोज ओळखत नाही अशा जुन्या स्कॅनरसाठीही हेच यंत्र उपयोगी पडते. लिनक्समध्ये कितीतरी जुने स्कॅनर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. सात-बाराचे उतारे, जुनी पत्रे, आजोबांची वही स्कॅन करण्याचे काम महिनाभर रोज तासभर करायचे आहे, अशा वेळी एक यंत्र त्यासाठीच बाजूला असणे सोयीचे जाते.

दान देण्याचा विचार असेल तर स्पष्टच लिहितो. न चालणारे किंवा रखडणारे यंत्र शाळेला किंवा अभ्यासिकेला देणे म्हणजे आपले भंगार त्यांच्या दारात ठेवणे. एसएसडी, रॅम, लिनक्स आणि चालू मॉनिटर यांसह तयार करून द्यावे. आधी त्यांना गरज विचारावी, आणि पहिले तीन महिने काही बिघडले तर कोणाला फोन करायचा हे सांगून ठेवावे. मुलांना संगणक आतून कसा असतो हे दाखवायचे असेल, तर असा डबा एसएमपीएस बाजूला काढून त्यांच्या हाती द्यावा. रॅम काढणे-लावणे, पंखा, हार्डडिस्क ओळखणे हे नव्या लॅपटॉपवर कोणी करू देत नाही.

यंत्र कोणालाही देताना हार्डडिस्कची काळजी घ्यावी. झटपट (क्विक) फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. केवळ तिची अनुक्रमणिका पुसली जाते आणि साध्या प्रोग्रामने बँकेचे पासबुक, आधारची प्रत, सगळे परत काढता येते. फिरत्या डिस्कवर एनवाइप हा पुसण्याचा प्रोग्राम चालवून सर्व जागा एकदा पूर्ण पुसावी. पाचशे जीबीला दोन-तीन तास लागतात. डिस्क सुरूच होत नसेल तर ती यंत्रातून काढून घ्यावी आणि तबकडीतून आरपार भोक पाडावे.

बोर्डच गेला असेल, तरीही चारशे रुपयांसाठी डबा हातगाडीवर देऊ नये. सर्किटमधील तांबे-सोने काढण्यासाठी उघड्यावर वायरी जाळणे आणि आम्ल वापरणे हे त्या साखळीच्या शेवटी होते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच असा कचरा जावा, असा त्यांचा रोख आहे. पुणे शहरात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेमार्फत ई-कचरा गोळा होतो. आपल्याकडे रोज येणाऱ्या कचरावेचक ताईंना विचारले तर कोठे व केव्हा द्यायचे ते कळते. देण्यापूर्वी रॅम, सुस्थितीतील वायर, व्हीजीए केबल आणि पंखा काढून ठेवावेत.

आपल्या यंत्रापुरते बोलायचे तर या रविवारी डबा उघडून साफ करावा, सेल बदलावा आणि मिंट पेनड्राइव्हवर घेऊन, हार्डडिस्कला हात न लावता, त्यावरूनच चालवून पाहावे. आवाज, वायफाय, प्रिंटर सगळे ओळखले गेले तर मगच एसएसडी घ्यावा. पाठीमागे नऊ पिनांचा पोर्ट दिसला तर मला कळवावे. आकुर्डीतील एक टर्नर गेल्या महिन्यापासून असे यंत्र शोधतो आहे.